हिवराळ्याचा हलता बाण

बाण हलला.

"हलला वं माय, हलला!" असं ओरडून मनकर्णाबाईंनी ग्रामपंचायतीच्या फरशीवर, कॉम्प्युटरसमोर, लोटांगण घातलं. मागच्या रांगेला बाण दिसलाच नव्हता, पण मनकर्णाबाई आडव्या झालेल्या दिसल्या. म्हणून मागची रांगही आडवी झाली. दारातल्या लोकांना वाटलं आत कोणाला तरी झटका आला, म्हणून त्यांनी हुंगायला कांदा मागवला. कांदा आला तोवर आत आरती सुरू झाली होती. तो कांदाही मग कोणीतरी कॉम्प्युटरसमोर ठेवून दिला.

खोली एरवी दोन खुर्च्या आणि एक शिपाई मावेल एवढी. आज तिच्यात अख्खा हिवराळा कोंबला होता आणि जो मावला नाही तो खिडकीच्या गजांना लटकला होता. भिंतीला टेकून सागवानी कपाट, त्याची दारं उघडी, आत कॉम्प्युटर. पडद्यावर डावीकडे 'होय' आणि उजवीकडे 'नाही' अशा दोन चिठ्ठ्या डिंकानं चिकटवलेल्या. पुढ्यात पितळी ताट, ताटात हळदीकुंकू लावलेला माऊस, त्याच्या पाठीवर झेंडूचं फूल.

माऊस मेलेला होता. हे नीट लक्षात ठेवायचं. त्याच्या पोटाखालचा लाल दिवा कधीचा विझलेला. त्याला कोणी शिवत नव्हतं. आणि तरी पडद्यावरचा पांढरा बाण इकडून तिकडे जात होता, थबकत होता, वळून मागे पाहत होता, बाजारात सुटलेल्या वासरासारखा.

ताटामागे पाटावर, काळी घोंगडी गळ्यापर्यंत पांघरून, श्री जोडनाथ महाराज, परतवाडा रोडवाले.

"पाहिलं? हात नाही, तार नाही, तरी चाल आहे!" महाराज डोळे मिटून गरजले. "अरे वेड्यांनो, सतयुगात काय तारा होत्या? संजयाने कुरुक्षेत्र बसल्या जागी पाहिलं, त्याले कोणी रिचार्ज मारून दिला होता? तपाचं नेटवर्क! ओम डबलक्लिकाय नमः!"

"नमः!" हिवराळा म्हणाला.

मग प्रश्न सुरू झाले. ते असे:

नत्थुजी शिपाई (माइकवर): एक एक इचारा. ढकलू नका. भूत एकच हाये.

दुर्गाबाई: माही म्हैस कधी व्याईल, बावा?

बाण: होय.

दुर्गाबाई: तसं नाई. कधी?

बाण: होय.

महाराज: वेळ आली की व्याईल, असं म्हणते ते.

(दुर्गाबाई डोळ्यांत पाणी आणून कॉम्प्युटरला ओवाळतात.)

खुशालराव सरपंच: पुढच्या बारीले मीच सरपंच होतो का?

बाण (थोडं हिंडून): होय.

मागून त्यांचे विरोधक वामनराव: अन् मी?

बाण: होय.

नत्थुजी: सरपंच तं एकच राह्यते ना महाराज?

महाराज: भूत उदार आहे.

सगळ्यात शेवटी कोपऱ्यातून सुभद्रा पुढे आली. हा कॉम्प्युटर तीच चालवत असे. म्हणजे, चालत होता तेव्हा. तिचा आवाज बसलेला होता.

सुभद्रा: हरभऱ्याच्या इम्याचे अर्ज भरू देतं का हे?

बाण तीरासारखा उजवीकडे गेला. नाही.

"शनिवारी विसर्जन," महाराज म्हणाले, आणि घोंगडी आणखी घट्ट ओढून घेतली.

कळफलक सापडला नाही. पुढे जाण्यासाठी कळ दाबा.

हा विनोद नाही. दुरुस्तीहून परत आलेल्या कॉम्प्युटरनं सुरू होताना सुभद्राला असाच काहीसा संदेश दाखवला होता. तिनं कळ दाबली. कळफलकच सापडला नसल्यामुळे ती दाबलेली कळ कॉम्प्युटरला कळली नाही. थोडा वेळ दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. मग तो आपणच पुढे गेला, नेहमीचा निळा पडदा दाखवला आणि गप्प बसला. माऊस हलेना, कळा चालेनात, अंगठा घेणारी डबी अंगठा घेईना, प्रिंटर हुंकारही देईना.

त्या साली कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली होती. बाहेरून बोंड टवटवीत, फोडलं की आत काळी पूड. सुभद्राच्या नवऱ्यानं उभ्या कपाशीत रोटाव्हेटर फिरवून हरभरा पेरला होता; अर्ध्या गावानं तेच केलं होतं. आता हरभऱ्याचा विमा काढायचा तर अर्ज ऑनलाइन, आणि मुदत सरत आलेली. अकोटला जाऊन केंद्रावर नंबर लावायचा तर तिथली रांग एसटी स्टँडपर्यंत आलेली. हिवराळ्यात मात्र बचत गटाचा हा कॉम्प्युटर होता. बायकांनी उन्हाळ्यांमागून उन्हाळे सरगुंडे आणि शेवया विकून घेतलेला. कपाशी गेल्यापासून सुभद्राची चूलही त्याच्यावरच पेटत होती. तो विसर्जनात पूर्णा नदीत गेला असता तर गटाकडे दुसरा घ्यायची ताकद नव्हती, आणि सुभद्राकडे दुसरं कामही नव्हतं.

झालं होतं असं. हरभऱ्याला पाणी द्यायला सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले, व्होल्टेज खालीवर झालं, आणि त्याच मुहूर्तावर एक पाल ऊब शोधत कॉम्प्युटरच्या आत शिरली. ठुस्स. पालही गेली आणि आतली मुख्य पाटी, जिला मदरबोर्ड म्हणतात, तीही गेली. अकोटच्या मेकॅनिकनं नवी पाटी बसवून डबा परत पाठवला. सुभद्रानं तो नेहमीसारखा कपाटात सरकवला आणि नेहमीसारख्या तारा जोडल्या.

नेहमीसारख्या म्हणजे कशा, ते कपाटाच्या दारावर तिनंच ऑइलपेंटनं लिहून ठेवलं होतं:

जाड तारा मागे. बारीक तारा पुढे.

गटानं पंचायतीत हे केंद्र उघडलं तेव्हा एका बाईनं मागे हात घालून शॉक खाल्ला होता. तेव्हापासून हा कायदा. विजेची आणि पडद्याची तार मागून, कपाटाला पाडलेल्या भोकातून. ते एकदा झालं की कपाट भिंतीला टेकवायचं, म्हणजे उंदीरही शिरत नाहीत. बाकी माऊस, कळफलक, प्रिंटर, अंगठ्याची डबी, सगळं पुढच्या चपट्या भोकांत. बायकांनी हा कायदा एकादशीच्या उपासापेक्षा कडक पाळला.

सुभद्रानं जे सुचलं ते सगळं केलं. बंद केलं, चालू केलं. फडक्यानं पुसलं. शाळेतला माऊस आणून पुढे लावला. शाळेतला कळफलक आणून पुढे लावला. पुढच्या वरच्या भोकातलं खालच्यात, खालच्यातलं वरच्यात. फोनवर मेकॅनिक म्हणाला, "ताई, माझ्याकडे तर पळत होता. तुमच्या गावची लाइट खराब आहे," आणि तो तिवशाला मेहुण्याच्या लग्नाला निघून गेला.

तेव्हा गटाच्या अध्यक्ष मनकर्णाबाई म्हणाल्या, "सुभद्रे, आत जीव गेला ना वं त्याच्यात! पाल कोन्त्या दिवशी मेली?"

"शुक्रवारी."

"अन् तिथी?"

तिथी अमावस्या निघाली.

नवे उपकरण जोडले गेले आहे

जोडनाथ महाराज टेम्पोतून आले. टेम्पोवर ताडपत्री, ताडपत्रीवर भगवा झेंडा, झेंड्याखाली 'बिघडलेल्या यंत्रांची शांती केली जाईल' अशी पाटी. त्यांनी कॉम्प्युटरला हुंगलं, म्हणाले, "पाल," आणि मनकर्णाबाईंनी सगळ्यांकडे असं अभिमानानं पाहिलं की जणू पाल त्यांनीच सोडली होती. आता पालीची गोष्ट चहाच्या टपरीपासून महादेवाच्या देवळापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होती, आणि महाराज आधी टपरीवर चहा घेऊन आले होते, पण त्या वेळी हे कोणी जुळवून पाहिलं नाही.

मग त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. पाठपूजा करायची होती. दार लावून आत एकटे. धुपाचा वास, घंटी, कपाट सरकल्याचा आवाज, पुन्हा घंटी. दार उघडलं तेव्हा महाराज घामेजले होते आणि पडद्यावरचा बाण चालत होता.

"नव्या पाटीत पालीचा आत्मा बसला आहे," त्यांनी सांगितलं. "त्याले माणसाचा हात सोसत नाही, म्हणून तुम्ही हात लावता ते सारं बंद पडलं. आता ऐका. या यंत्राची पाठ कोणी पाहायची नाही. पाहील त्याच्या डोळ्याची बत्ती जाईल. शनिवारी रोडग्याचा नैवेद्य. मग मी एकटा यंत्र टेम्पोत घालीन आणि पूर्णेत सोडीन. माझ्यामागे कोणी यायचं नाही. येईल त्याच्या घरचा टीव्ही उलटा दिसेल."

उलटा टीव्ही ही भीती हिवराळ्यात फार खोल गेली.

हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग

"गावकरी मंडळींनो, उद्या शनिवारी पंचायतीसमोर भुताच्या निमित्तानं रोडगे, वांग्याची भाजी अन् वरण. घरटी गवऱ्या आणून द्या. ओल्या आणू नका, मांगच्या बारीले धूर झाला. भुताले निरोप द्याले बँडवाले येऊन राह्यले. ज्यायनं इम्याचे अर्ज भराचे होते त्यायनं अकोटले जा. नाई तं भुतावर सोडा."

हे बोलणाऱ्या नत्थुजीचा स्वतःचा अर्जही राहिलेला होता.

होय? नाही?

शनिवारी सकाळी गवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते. डॉ. अमरीन आपली स्कूटी लिंबाखाली लावून आल्या. त्या गुरांच्या डॉक्टर, मूळच्या परतवाड्याच्या, आणि एखाद्या बैलानं लाथ मारली तर त्याला आधी सुई टोचून मग शिव्या देण्याबद्दल प्रसिद्ध.

"सुभद्राताई, हे काय चाललंय? लग्न आहे का कोणाचं?"

"भुताची बिदाई हाये, मॅडम."

सुभद्रानं भाजीला हलवत हलवत सगळं सांगितलं. अमरीन मॅडम ऐकत होत्या. म्हशीच्या होय-होयवर त्यांनी हात वर केला.

"थांबा. कोणाची म्हैस?"

"दुर्गाबाईची. बाण म्हने होय, व्याईल."

"आत्ता तिथूनच येतेय मी. ती गाभणच नाही! पोटात वायू धरलाय तिला. गाभण नसलेली म्हैस व्याईल म्हणणारं भूत? बडं हुशार आहे." त्यांनी ओढणीनं डोळ्यांतला धूर पुसला. "मला एक सांगा. जनावर पुढून खात नसलं तर मी काय करते?"

"मांगून पाहाता," सुभद्रा लाजून म्हणाली.

"तुम्ही पाहिलं?"

"मांगं जात नाई आमी. आमचा कायदा हाये. अन् आता तं महाराजायनं पण सांगतलं, पाठ पाहाची नाई."

"तुमचा कायदा शॉकसाठी होता. त्यांचा कशासाठी आहे?"

एवढ्यात नत्थुजीनं पंगत बसल्याची हाक दिली आणि ती रोडग्याचं टोपलं घेऊन उठली. पण तो प्रश्नही टोपल्यातल्या रोडग्यासारखा गरमच तिच्याबरोबर गेला.

महाराजांचा पाट दारातच मांडला होता, कॉम्प्युटरकडे तोंड करून, म्हणजे भुताला आणि त्यांना बरोबरच जेवता यावं. अंगावर घोंगडी होतीच. मंडळी अंगणात, पण सगळ्यांच्या माना आत वळलेल्या. बाण पडद्यावर फेऱ्या मारत होता. जाणार म्हणून बेचैन असावा, असं बायका म्हणत होत्या.

सुभद्रानं महाराजांच्या पानात रोडगा वाढला.

आता रोडगा कसा खातात ते वऱ्हाडात सांगावं लागत नाही, पण भुतांना आणि परक्यांना सांगावं लागतं. निखाऱ्यात भाजून तो दगडासारखा होतो. एका हातानं तो फुटतच नाही. दोन्ही तळव्यांत धरून दाबायचा, मोडायचा, चुरायचा, मग त्यात तूप. महाराजांनी घोंगडीतून दुसराही हात बाहेर काढला आणि रोडग्याला भिडले.

बाण थांबला.

सुभद्राच्या हातातली तुपाची वाटी जागीच राहिली. तिनं पडद्याकडे पाहिलं. महाराजांच्या हातांकडे पाहिलं. महाराजांनी चुरा केला, उजव्या हातानं घास घेतला, डावा हात घोंगडीत गेला. बाण चालू लागला.

ती घाईनं काही बोलली नाही. एकदा घडलं म्हणून काय झालं? एकदा तर तिच्या सासऱ्यालाही लॉटरी लागली होती. पुन्हा करून पाहायला हवं होतं.

"महाराज, आनखी एक घ्या ना."

"नको, नको."

"असं कसं? भुताच्या वाटचा तं घ्या." टप्. रोडगा पानात.

दोन हात बाहेर. बाण थांबला. तूप. डावा हात आत. बाण चालला.

"घ्या ना, मनकर्णाबाईच्या हातचा हाये."

बाण थांबला.

"हा घ्या, गवऱ्या नत्थुजीच्या होत्या."

थांबला.

"हा नाई घेतला तं सरपंच रागावतीन."

थांबला. महाराजांच्या कपाळावर घाम आला. पंगतीला वाटलं काय ही सुभद्राची भक्ती! खुशालराव तर बायकोला म्हणालेही, "वाढावं तं असं वाढावं." सुभद्राचं मात्र जेवणाकडे लक्षच नव्हतं. तिचे डोळे पडद्यावर, तिचा हात टोपल्यात, आणि तिच्या मनात एकच हिशेब: दोन हात बाहेर की भूत झोपतं, एक हात आत की उठतं. तुपाची धार मात्र ती सोडत राहिली, कोपरापर्यंत ओघळेल इतकी. तिनं अमरीन मॅडमला नजरेनंच बोलावलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हे भूत महाराजाच्या डाव्या हाताले बांधेल दिसते."

"मग कपाट ओढा," अमरीन मॅडम म्हणाल्या.

पाठ

"अवं सुभद्रे, काय करून राह्यली!" मनकर्णाबाई किंचाळल्या. "डोये जातीन ना वं!"

सुभद्रानं कपाटाच्या कडेला खांदा लावला होता. बँडवाल्यांना वाटलं निघालं भूत, त्यांनी निरोपाचं गाणं सुरू केलं. महाराज उठायला गेले, पण इतके रोडगे पोटात गेलेला माणूस उठत नाही, तो फक्त ठरवतो. कपाट फरशीवर खर्र करत बाहेर आलं. सुभद्रानं एक डोळा मिटला, म्हणजे गेलाच तर एकच जाईल, आणि मागे डोकावली.

पाठीला जाळी होती, पंखा होता, कोळिष्टक होतं. जाड तारांच्या शेजारी चपट्या भोकांची अख्खी रांग होती, सगळी रिकामी. सगळी नाही. एका भोकात नखाएवढा काळा तुकडा रुतलेला.

"मॅडम, हे आपलं नाई."

"मग काढा."

तिनं तो काढला. हातावर घेतला. उघडा डोळा शाबूत होता. मग तिनं दुसराही उघडला.

बाहेर पंगत पडद्याकडे पाहत होती. बाण मेला होता. आणि त्याच वेळी महाराजांच्या घोंगडीखाली काहीतरी जोरजोरानं हलत होतं, आत उंदीर शिरल्यासारखं.

"चालव ना बावा," सुभद्रा दारातून म्हणाली. "चालव आता."

"शक्ती... क्षीण झाली," महाराज म्हणाले. "जेवणानंतर होते."

सुभद्रानं तुकडा पुन्हा भोकात घातला. मंडळींनी वाट पाहिली. मग पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा वर-खाली, डावी-उजवी धावू लागला, कारण घोंगडीखालच्या हाताला आता थांबायचं की चालायचं हेच कळेना. आणि त्या हाताला कोपरापर्यंत तूप होतं. सळ्ळ्. घोंगडीतून काहीतरी निसटलं, फरशीवरून घसरत गेलं आणि वरणाच्या पातेल्याला टेकून थांबलं.

एक छोटा, काळा, बिनतारी माऊस. त्याच्या पोटात हिरवा दिवा लुकलुकत होता.

सगळ्यात आधी नत्थुजीला वाचा फुटली. "मायबाई! भुताले बॅटरी हाये!"

अमरीन मॅडमनी तो उचलला, पुसला, आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. "बाजारात मिळतो. टीव्हीच्या रिमोटचा भाऊ समजा. हा हलवला की मागचा तो तुकडा ऐकतो आणि पडद्यावरचा बाण चालतो. तपबिप काही नाही. या दुर्गाबाई, तुम्ही धरा."

दुर्गाबाईंनी तो दोन बोटांत विंचवासारखा धरला, टेबलावर ठेवला, सरकवला. बाण सरकला. त्यांनी 'होय'वर नेला. मग 'नाही'वर. मग पुन्हा 'होय'वर. बाईंचा चेहरा लाल झाला.

"म्हंजे माही म्हैस...?"

"वायू आहे. औषध देऊन आलेय."

"अन् मी याले ओवाळलं!" दुर्गाबाईंनी वरणाचा पळा उचलला. खुशालरावांनी वेळीच तो धरला. सरपंच म्हणून पाच वर्षांत केलेलं ते त्यांचं सर्वांत मोठं काम.

मग आमचा का चालत नाही?

हे वामनरावांनी विचारलं, आणि हा प्रश्न बरोबर होता. भूत गेलं तरी मेलेला माऊस ताटात मेलेलाच होता.

सुभद्रानं त्याच्या पाठीवरचं फूल काढलं. माऊसची बारीक तार हातात घेतली. कपाटाच्या दाराकडे, स्वतःच्याच अक्षराकडे पाहिलं. मग बारीक तार मागच्या भोकात घातली.

लाल दिवा लागला.

कळफलक मागे. कळा चालल्या. अंगठ्याची डबी मागे. डबीनं निळा डोळा उघडला. प्रिंटर मागे, आणि त्यानं इतक्या दिवसांचं अडकलेलं एकदम ओकून टाकलं: सातबारा, जातीचा दाखला आणि सरपंचांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका.

वीज बंद करून अमरीन मॅडमनी डब्याची बाजू उघडली. आत पालीचा मागमूस नव्हता. पुढच्या भोकांकडून आलेली एक तार मात्र आत मोकळी लोंबत होती, टोकाला छोटं प्लास्टिकचं तोंड, कशालाच न जोडलेलं.

"नवी पाटी बसवली, सगळ्या तारा जोडल्या, ही एक जोडायची राहिली," त्या म्हणाल्या. "मेकॅनिकनं मागची भोकं वापरून पाहिलं, त्याचं चाललं. तुम्ही पुढची वापरता, तुमचं नाही चाललं. शाळेतून दहा माऊस आणून पुढे लावले असते तरी दहाही मेलेच असते. माऊसला काही झालंच नव्हतं."

पाटीवर त्या तोंडाच्या मापाची जागा होती. सुभद्रानं ते नीट जुळवून दाबलं. वीज पुन्हा चालू केली आणि पुढची भोकंही जिवंत झाली.

तोवर महाराज टेम्पोपर्यंत सरपटत पोहोचले होते, पण बँडवाले टेम्पोला टेकून विड्या ओढत होते आणि त्यांना अजून बिदागी मिळाली नव्हती. ताडपत्री ओढली गेली. खाली एक फ्रिज, दोन टीव्ही, एक मिक्सर आणि कोण्या गावची शिलाई मशीन. प्रत्येकाला कुंकू लावलेलं. सगळी पूर्णेत सोडलेली. सगळी कोरडी.

नत्थुजीनं टीव्ही निरखून पाहिला. "सुलटा हाये," तो म्हणाला.

खुशालरावांनी पोलिसांना फोन लावला. महाराजांना पाटावरच बसवून ठेवलं, घोंगडीशिवाय. माइक चालूच होता. अमरीन मॅडमनी तो सुभद्राच्या हातात दिला. ती आयुष्यात माइकवर कधी बोलली नव्हती.

"मी सांगून राह्यली ते ऐका," ती म्हणाली, मग थांबली, आणि मग तिला सापडलं. "हा मानूस खोटा, हे तं झालंच. पन माहं बी चुकलं. मी पुढच्या भोकात तेच तेच लावून पाहिलं, अन् नाई चाललं तं रडत बसली. जागा बदलून पाहिली नाई. काहून? कायदा होता म्हनून. कायदा कशासाठी केला होता, हे मीच इसरली. आतापासून काई अडलं तं आधी पाहाचं. जिथं पाहू नका म्हनतीन, तिथं पयले पाहाचं. एकदा दिसलं तं पुन्हा करून पाहाचं. तरी नाई समजलं तं समजते त्याले इचाराचं, अन् त्यालेही इचाराचं, बाबा, तुले कसं समजलं? जो सांगन तो खरा जानकार. जो डोये जातीन म्हनते, त्याच्या घोंगडीत काहीतरी हाये."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रोडग्यांनी सगळे जड झाले होते. पण रांग लागली. या वेळी कपाटासमोर लोटांगणाची नाही, सातबारा हातात धरून अर्जाची. मुदत अजून होती. सुभद्रानं पहिला अर्ज उघडला. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, पीक: हरभरा. बाण तिच्या हाताखाली चालत होता आणि ती जिकडे नेईल तिकडे जात होता.

रांगेत सगळ्यांत पुढे मनकर्णाबाई होत्या. अंगठा दिला, पावती घेतली, पण हलल्या नाहीत.

"काय झालं, काकू?"

मनकर्णाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून अमरीन मॅडमच्या कानाशी कुजबुजल्या, पण म्हातारीची कुजबुज अंगणभर ऐकू गेली. "मॅडम, माह्या घरी उतरंडीच्या मांगं एक पुडी हाये. एका बावानं देल्ली होती, सुनेले लेकरू होवाले. उघडली तं पाप लागन म्हने. सून रोज तिले पाया पडते, दवाखान्यात जात नाई. तेवढी पुडी तुमी काढून देता का?"

अमरीन मॅडम काही बोलायच्या आत सुभद्रानं कळफलकावरून मान वर केली.

"तुमीच काढा, काकू," ती म्हणाली. "अन् सुनेच्या समोर काढा. मंग उद्या तिले अकोटच्या डॉक्टरनीकडे घेऊन जा. लेकाले बी घेऊन जा, त्याची बी तपासनी होते."

मनकर्णाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि घराकडे निघाल्या.